पन्नाशीनंतरचा राखाडी रंग

आमच्या थोरल्या जाऊबाई डोळे बनवायच्या. नव्याने ऐकणारा माणूस हमखास विचारायचा, "म्हणजे चष्मे?" ताई शांतपणे म्हणायच्या, "नाही, डोळेच." मग समोरचा माणूस नकळत स्वतःच्या पापणीला हात लावायचा. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पुढे पुढे मला आधीच हसू यायचं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. तिला एक मोठी खिडकी होती. तिच्यातून ऊन कधी थेट आत यायचं नाही, पण उजेड मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा असायचा. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा काढावा लागला, असा माणूस जखम भरली की त्या खोलीत यायचा. ताई त्याच्या रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायच्या, मेणाचा आकार करून बसवून बघायच्या, पुन्हा खरवडायच्या, पुन्हा बसवायच्या. मग तोच आकार ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे दातांच्या कवळीला वापरतात त्या प्लास्टिकमध्ये उतरायचा. पांढऱ्या भागावर त्या लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू चिकटवायच्या, शिरा म्हणून. आणि सगळ्यात शेवटी बुबुळ रंगवायच्या, त्या माणसाला खिडकीपाशी बसवून, त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघत.

"बोलत राहा," त्या सांगायच्या. "काहीही बोला."

लोक बोलायचे. घरचं, दारचं, अपघात कसा झाला ते. ताई 'हं, हं' करायच्या, पण त्यांना त्यातलं पुढे काही म्हणजे काही आठवायचं नाही. एकदा मी त्यांना याबद्दल छेडलं तर म्हणाल्या, "अगं, मी तेव्हा बाहेर नसतेच. मी त्या डोळ्यात उतरलेली असते. आत गेलं की एक एक थर दिसायला लागतो. खाली मध, त्यावर काळी माती, त्यावर कुठेतरी एकच सोनेरी काडी. वर यायला वेळ लागतो."

खरंच लागायचा. हॉस्पिटलातून घरी आल्यावरही बराच वेळ त्या अर्ध्या त्या डोळ्यातच असायच्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं. थोरले भाऊजी म्हणायचे, "लोकांच्या बायकांचा दागिन्यांवर डोळा असतो, हिचा डोळ्यांवरच डोळा."

भाऊजी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद पडल्यावर ते घरीच असायचे आणि सकाळच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायचे. ते पेपर कुणाला पाठवायचे नाहीत. दुरुस्त करून घडी घालून ठेवायचे, बस. आम्ही सगळे एकाच इमारतीत. वरच्या मजल्यावर ते दोघं आणि सासूबाई, खाली आम्ही. मी टपाल कचेरीत कामाला, त्यामुळे संध्याकाळी माझ्या हाताला डिंकाचा वास आणि ताईंच्या हाताला ॲक्रिलिकचा.

ताई या कामात आल्या त्या सासूबाईंमुळे. लग्न होऊन त्या नव्यानेच घरात आल्या होत्या, आणि त्याच वर्षी आईंच्या डाव्या डोळ्यात काच गेली. डोळा वाचला नाही. तेव्हा तयार डोळे मिळायचे, पेटीत रांगेने मांडलेले, त्यातल्या त्यात जवळचा निवडायचा. तो आईंना नीट बसेना. तो एका बाजूला बघायचा आणि आई दुसऱ्या बाजूला. आईंनी बाहेर पडणंच सोडलं. ताई चित्रकला शिकलेल्या. चौकशी करत करत त्या दूरच्या गल्लीतल्या एका वयस्क कारागिराकडे पोचल्या. डोळे हाताने बनवणारा तो तेव्हा एकटाच. आईंचा डोळा करून द्या म्हणून गेलेली ही सून पुढे कित्येक वर्षं तिथेच शिकत राहिली. आणि तिने पुरा केलेला पहिला डोळा आईंच्या डाव्या खोबणीत बसला.

मी या घरात सून म्हणून आले ते बऱ्याच नंतर. आईंचा एक डोळा खोटा आहे हे मला दोन-तीन वर्षं कळलंच नव्हतं. एकदा बोलता बोलता आईंनी स्वतःच तो काढून पाण्याच्या वाटीत ठेवला आणि म्हणाल्या, "धुवायचा होता गं." माझ्या हातातली ताटली खाली पडली.

तर अशा या आमच्या ताई. बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी कुठे जायचंय असं कधी म्हटलं नव्हतं. आणि मग एका रविवारी दुपारी, आम्ही सगळे वर जेवायला बसलेलो असताना, त्या भाताच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "मला जावंसं वाटतंय."

"कुठे?" भाऊजींनी विचारलं. त्यांना वाटलं, बाजारात.

ताईंनी एका देशाचं नाव घेतलं. नकाशात पार खालच्या टोकाला, समुद्राच्या पलीकडे. त्यांच्या धंद्यातल्या लोकांचं एक पत्रक निघायचं, त्यात एक निवेदन आलं होतं. तिकडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात एक म्हातारा कारागीर होता. त्याला आता काम थांबवायचं होतं, आणि त्याच्या जागी यायला कुणी मिळत नव्हतं. शिकायला वर्षं लागतात असल्या कामाकडे तरुण वळत नाहीत. त्याच्या मागे त्या साऱ्या किनारपट्टीवर डोळे करणारं कुणीच उरणार नव्हतं.

"बरं," भाऊजी म्हणाले. "पण तुला का जायचंय?"

"तिकडच्या लोकांचे डोळे राखाडी असतात," त्या म्हणाल्या. "निळे, हिरवे. मी जन्मभर तपकिरी रंगवला. मला एकदा राखाडी रंगवायचाय."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. आई मात्र हसल्या नाहीत. त्या ताईंकडे दोन्ही डोळ्यांनी टक लावून बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "अजून भात घे."

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आपल्या लेकीला ताईंनी फोन केला तर ती म्हणाली, "आई, लोक या वयात परत येतात. जात नाहीत."

परदेशी स्थायिक व्हायचे अर्ज भरून देणाऱ्या एका सल्लागाराच्या कचेरीत ताई मला बरोबर घेऊन गेल्या. भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो होते, सगळी पस्तिशीच्या आतली. सल्लागार माणूस सभ्य होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. कुशल माणसांना तो देश गुण देतो. शिक्षणाचे गुण, अनुभवाचे गुण, इंग्रजीचे गुण. आणि वयाचे. तिशीला भरपूर, चाळिशीला थोडे, पंचेचाळिशी ओलांडली की शून्य. नुसतं शून्यच नाही, साध्या रस्त्याने अर्जच घेत नाहीत.

"म्हणजे अनुभवाचे गुण वाढत जातात आणि वयाचे कमी होत जातात," ताई म्हणाल्या.

"बरोबर."

"पण अनुभव यायला वय लागतं ना?"

सल्लागाराने चष्मा काढून पुसला. "ताई, हे मलाही कधी कळलेलं नाही," तो म्हणाला.

पण त्याने आम्हाला परत पाठवलं नाही. एक अरुंद वाट होती. तिकडच्या एखाद्या संस्थेने स्वतः बोलावलं, काम दुर्मीळ आहे हे सिद्ध केलं, आणि ते लहान शहरासाठी असलं, तर वयाची अट शिथिल व्हायची शक्यता होती. आधी काही वर्षांचा तात्पुरता परवाना, तिथे टिकून काम केलं तर मग कायमचा. "आशा फार धरू नका," तो म्हणाला. "पण अर्ज जरूर करा." अर्जात ताई झाल्या मुख्य अर्जदार. भाऊजींच्या नावापुढे आलं, 'दुय्यम अर्जदार'. घरात त्या दिवसापासून त्यांचं तेच नाव पडलं. "दुय्यम, चहा घेणार का?" आई विचारायच्या. भाऊजींनाही ते आवडायचं. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात गेलेल्या माणसाला दुय्यम असण्याचं काही वाटत नाही, असं ते म्हणायचे. आणि ताईंचे सगळे कागद त्यांनी लाल पेनाने असे काही तपासले की सल्लागाराला काम उरलं नाही.

मग त्या म्हाताऱ्याचे फोन सुरू झाले. त्याची दुपार म्हणजे आमची सकाळ. ताई गच्चीत खुर्ची टाकून बसायच्या. फोनवर चेहरा दिसायचा, पण रंगाचं काम पडद्यावर करता येत नाही. पडदा खोटं सांगतो. त्यामुळे म्हातारा रंग शब्दांत सांगायचा आणि ताई ते शब्द ऐकून कागदावर रंग लावायच्या. म्हातारा सांगायचा, आज एक बाई आल्या होत्या, त्यांचा डोळा ओल्या दगडासारखा आहे, पण दगड नुकताच पाण्यातून काढलाय, अजून चमक गेलेली नाही. ताई विचारायच्या, पाणी गोडं की खारं? तो म्हणायचा, खारं. ताई मान डोलवून त्यात थोडा हिरवा मिसळायच्या. कधी धुरासारखा डोळा असायचा, पण लाकडाच्या नव्हे, ओल्या पानांच्या धुरासारखा. त्या दोघांचं ते मोडकंतोडकं इंग्रजी मी पायरीवर बसून ऐकायची. तो म्हाताराही मोठेपणीच दुसऱ्या कुठल्या देशातून तिकडे गेलेला होता, त्यामुळे त्याचंही इंग्रजी ताईंइतकंच अडखळायचं. दोघांचं छान जमलं होतं.

त्या दिवसांत ताईंना तिकडची स्वप्नं पडायला लागली. सकाळी चहा घेताना त्या सांगायच्या, "काल मी त्या शहरात होते. रस्ते चढाचे होते. सगळे लोक माझ्याकडे बघत होते आणि मी रंग टिपून घेत होते." त्यांना ते शहर इतकं ओळखीचं झालं होतं की एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "आपल्या त्या बेकरीच्या वळणावर." इथे तशी बेकरी कुठेच नव्हती.

त्यांनी एक राखाडी डोळा नमुना म्हणून बनवला. मी स्वतः तो कापसात गुंडाळून, डब्यात घालून टपालाने पाठवला. आत काय आहे या रकान्यात 'डोळा, एक नग' असं लिहिलं, तर आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. डोळा पोचल्यावर म्हाताऱ्याचा फोन आला. रंग उत्तम आहे, तो म्हणाला. पण हा डोळा फार जागा आहे. आमच्याकडचे लोक जन्मभर समुद्राकडे बघतात, त्यांची नजर जवळ थांबत नाही. ताईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्या नुसत्या 'हं' म्हणाल्या आणि दुसरा डोळा करायला बसल्या. तिसऱ्यांदा पाठवलेला डोळा त्याला पसंत पडला.

इंग्रजीच्या परीक्षेला ताईंच्या आजूबाजूला सगळी कॉलेजातून निघालेली मुलं. एकीने त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही मुलीला सोडायला आलात का?" ताई म्हणाल्या, "नाही गं, मुलगी मला येऊ देत नव्हती." पहिल्या खेपेला त्या लेखनात थोडक्यात नापास झाल्या. एका आलेखाचं वर्णन करायचं होतं, कुठल्या वर्षी किती लोकांनी सायकली घेतल्या वगैरे. ताईंनी त्या रेषेचं वर्णन केलं. ती कशी आधी रेंगाळते, मग काहीतरी आठवल्यासारखी वर जाते. भाऊजींनी मजकूर ऐकून सांगितलं, "भाषेची एकही चूक नाही. आकडाही एकही नाही." पुढच्या खेपेला भाऊजींनी त्यांच्याकडून आकडे घोटून घेतले आणि त्या पास झाल्या.

खरी पंचाईत पुढे होती. ताईंचं काम नक्की काय, हे तिकडच्या तपासणाऱ्या मंडळाला ठरवता येईना. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत, नुसत्या चित्रकारही नाहीत. शिक्षणाचा दाखला मागितला तर तो कुठून आणणार? ज्यांच्याकडे शिकल्या ते कारागीर कधीच वारले होते, ती गल्लीही आता राहिली नव्हती. शेवटी मंडळाने कळवलं की कामाचे नमुने दाखवा, वापरात असलेले, जुन्यात जुन्यापासून नव्यापर्यंत.

वापरात असलेले नमुने म्हणजे माणसं. ताईंनी एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं. हॉस्पिटलच्या त्या मागच्या जिन्यात इतकी गर्दी कधी झाली नसेल. एक बसचालक आला, आता डेपोत बसून काम करणारा. शिवणकाम करणारी बाई आली. एक वकील, दोन बहिणी, जुळ्या, ज्यांतल्या एकीचाच डोळा खोटा होता. एक लहानपणी डोळा गेलेली मुलगी, आता तिच्याच कडेवर मूल. भाऊजी फोटो काढणार होते.

फोटोला वेळ लागत होता, आणि बाकांवर बसलेले लोक एकमेकांकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यातला प्रत्येक जण आजवर समजत होता की आपण एकटेच. बसचालक शेजारच्या बाईंना हळूच म्हणाला, "तुमचा कुठला?" त्या म्हणाल्या, "ओळखा." त्याने उजवा सांगितला. चुकला. मग त्यांनी त्याचा ओळखायचा प्रयत्न केला, त्याही चुकल्या. बघता बघता साऱ्या बाकांवर तोच खेळ सुरू झाला. अनोळखी माणसं एकमेकांच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघत होती, जसं एरवी कुणी कुणाला बघू देत नाही. जुळ्या बहिणींनी तर लोकांना वेड लावलं. वकील हसून हसून दमले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, दोन्ही डोळ्यांना. कुणीतरी विचारलं, खोट्यालाही येतं का? ते म्हणाले, "पाणी माझं, डोळा बाईंचा."

आमच्या आई सगळ्यात शेवटी आल्या, काठी टेकत. त्यांचा नमुना सगळ्यात जुना. फोटो काढून झाल्यावरही कुणी जाईना. ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा, कुठेतरी आत उतरल्याचा भाव होता, पण या वेळी तो एका डोळ्यात नव्हता, सगळ्या खोलीभर होता.

मंडळाने मान्यता दिली. आता फक्त वैद्यकीय तपासणी, असं आम्ही म्हणत होतो, आणि तिथेच गाडं अडलं. ताई ठणठणीत. भाऊजींच्या फुप्फुसावर मात्र एक डाग निघाला. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता, बराही झाला होता, त्याची ती खूण. पण तिकडच्यांना खात्री हवी होती. पुन्हा तपासण्या, पुन्हा वाट बघणं. महिने जायला लागले. ताईंच्या त्रेपन्नाव्या वाढदिवसाची तारीखही येऊन गेली. म्हातारा फोनवर म्हणायचा, मी थांबतो, पण माझे हात थांबतीलच असं नाही.

भाऊजींनी पेपर दुरुस्त करणं सोडून दिलं. एक दिवस ते ताईंना म्हणाले, "माझं नाव काढून टाक अर्जातून. तू जा. मी इथे आईपाशी राहतो."

ताई सुई-धाग्याने काहीतरी टाचत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दुय्यम अर्जदाराला असं परस्पर ठरवता येत नाही. नियम वाचा."

"असा नियम नाही. मी सगळे वाचलेत."

"मग मी करते," ताई म्हणाल्या, आणि दातांनी धागा तोडला. त्या विषयावर पुढे बोलणं झालं नाही. भाऊजींनी थोड्या वेळाने कालचा पेपर उघडला आणि पेन शोधायला लागले.

डाग जुनाच आहे असं एकदाचं ठरलं, आणि परवाना आला. तात्पुरता.

आई येणार नव्हत्या. ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मी धाकटीकडे. मला जिने उतरायचेत, समुद्र नाही." त्या खाली आमच्याकडे राहायला आल्या. प्रश्न होता हॉस्पिटलातल्या त्या सगळ्या माणसांचा. खोटा डोळा दर वर्षी घासूनपुसून चकचकीत करावा लागतो, नाहीतर पापणीला टोचतो. हॉस्पिटलसमोर दातांच्या कवळ्या बनवणारे एक गृहस्थ होते, चाळिशीचे, मितभाषी. तेच ॲक्रिलिक, तीच यंत्रं. ताई जाण्याआधी कित्येक महिने ते रोज संध्याकाळी ताईंकडे शिकायला येत होते. ते म्हणायचे, दात हसताना दिसतात, डोळे सतत दिसतात, म्हणून भीती वाटते. पण त्यांचा हात चांगला होता.

जायच्या काही दिवस आधी आईंनी ताईंना जवळ बोलावलं. "सूनबाई, मला नवा डोळा कर."

"आई, आहे तो चांगला आहे की."

"चांगला आहे, पण तो पन्नाशीतला आहे. मी ऐंशीची झाले."

खरं होतं. इतक्या वर्षांत त्या डोळ्याचा आकार ताईंनी पुन्हा पुन्हा बदलून दिला होता, पण रंग आईंनी कधी बदलू दिला नव्हता. तोच गडद, तरतरीत तपकिरी. उजवा डोळा मात्र म्हातारा झाला होता. बुबुळाच्या कडेने फिकट वर्तुळ आलं होतं, मधला रंग विरला होता. ताई त्यांना आमच्या खिडकीपाशी बसवून रंगवायला बसल्या. या वेळी त्यांनी 'बोलत राहा' म्हटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. ताईंनी कडेच्या त्या वर्तुळासाठी रंग मिसळला, आणि तो राखाडी होता, खाली निळसर झाक असलेला. त्या थांबल्या. कुंचला हातात धरून कितीतरी वेळ आईंच्या डोळ्यात बघत राहिल्या.

"काय झालं?" आईंनी विचारलं.

"काही नाही. इथेच होता हा रंग."

"मग नको जाऊस की," आई म्हणाल्या, आणि हसल्या. "चेष्टा केली गं. रंगव."

दोघी पुन्हा कामाला लागल्या. तो डोळा बसवल्यावर आई एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर जास्त छानही. त्यांच्या चेहऱ्याला एकच वय आलं.

तिकडे गेल्यावर पहिलं वर्ष ताईंचं कशातच मन लागलं नाही, असं भाऊजी गुपचूप मला सांगायचे. ते शहर स्वप्नातल्यासारखं नव्हतं. रस्ते सपाट होते. वारा इतका की बोललेलं उडून जायचं. लोक चांगले होते, पण लवकर घरी जायचे आणि दारं लावून घ्यायचे. मग हळूहळू काम साठत गेलं. आसपासच्या लहान बंदरांतून माणसं यायची, बोटीवर डोळा गमावलेली, कारखान्यात गमावलेली. ताई त्यांना खिडकीपाशी बसवायच्या आणि बोलत राहा म्हणायच्या. आता तर त्यांना अर्धं बोलणं कळायचंच नाही, त्यामुळे त्या आणखी खोल उतरायच्या. म्हातारा कारागीर निवृत्त झाला तरी रोज येऊन कोपऱ्यात बसायचा. हात थरथरायचे म्हणून कामाला हात लावायचा नाही. नुसता सांगायचा, आणखी थोडा झोपू दे त्याला. म्हणजे त्या डोळ्याला.

तिसऱ्या वर्षी आई गेल्या. झोपेतच, फार त्रास न होता. ताईंचा कायमच्या परवान्याचा अर्ज तेव्हा नुकताच आत गेलेला. मध्येच देशाबाहेर पडायला वेगळी परवानगी लागत होती, आणि ती मिळून त्या पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. त्या आल्या त्या थेट आमच्याकडे, आईंच्या खाटेवर जाऊन बसल्या. उशीच्या शेजारी पाण्याची ती वाटी तशीच होती. मी म्हणाले, "डोळा आम्ही काढला नाही. तसाच राहू दिला."

"बरं केलंत," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "कवळीवाल्यांनी घासला होता का या वर्षी?"

"मागच्याच महिन्यात."

त्यांनी मान हलवली. तेव्हाच त्या रडल्या, आधी नाही.

कायमचा परवाना त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला. ताई सत्तावन्नाच्या. भाऊजींनी फोनवर मला सांगितलं, "कळवायला आनंद होतो की आम्हाला कायम करण्यात आलं आहे. या वयात कायमचं म्हणजे नेमकं किती, ते मात्र पत्रात दिलेलं नाही."

त्या वर्षी मी महिनाभर त्यांच्याकडे जाऊन राहिले. घर पाहून मला नवल वाटलं. चार वर्षांत त्यांनी एकही जड वस्तू घेतली नव्हती. घडीचं टेबल, घडीच्या खुर्च्या, जमिनीवर गाद्या, कपडे दोरीवर. ताई म्हणाल्या, "घ्यायची इच्छा व्हायची. पण न जाणो, उद्या जा म्हणाले तर? म्हणून एका हाताने उचलता येईल तेवढंच घ्यायचं, असं ठरवलं होतं."

मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे लाकडाचं एक कपाट होतं, अवाढव्य, काळपट, पितळी कड्यांचं. त्याच्याएवढं जड त्या दुकानात दुसरं काही नव्हतं. ताई त्याच्याभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या, "हे."

दुकानाची माणसं ते घेऊन आली आणि जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना. माणसं घामाघूम झाली, तिरकं करून बघितलं, उभं करून बघितलं, मग उद्या सुतार आणतो म्हणून निघून गेली. ताईंच्या समोरच्या घरातले एक शेजारी, बोटीची इंजिनं दुरुस्त करणारे, कामावरून आले ते कपाटाच्या खालच्या बाजूला अडकून पडले, आणि भाऊजी वरच्या बाजूला. ताईंनी कपाटाच्या फटीतून चहाचा कप खाली दिला. शेजाऱ्यांनी पायरीवर बसून तो घेतला. चार वर्षांत पहिल्यांदाच ते भाऊजींशी इतका वेळ बोलत होते. एकमेकांना दिसत नव्हते, मधे कपाट.

"कायमचं बसलंय हे," शेजारी इंग्रजीत म्हणाले.

"आम्हीही," भाऊजींनी वरून उत्तर दिलं.

जिन्याच्या वरच्या खिडकीतून संध्याकाळचा पांढुरका उजेड येत होता. ताई कपाटाला लागूनच्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांनी डोकं हळूच कपाटाच्या बाजूला टेकवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं दमल्या असतील. पण त्या लाकडाला कान लावून ऐकत होत्या, कपाटाच्या दोन्ही बाजूंनी ते दोघं काय बोलताहेत ते.